ऑक्सिजनचे निरोप

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो. बाटलीतलं तीन टक्क्यांचं द्रावण रक्ताला आणि फाटलेल्या पेशींना भिडतं, त्या पेशींमधलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि सुटलेला ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो. पेशीने एवढा बंदोबस्त ठेवलाय, म्हणजे हा पदार्थ तिचा वैरीच असणार, असं कुणालाही वाटेल. जीवशास्त्रज्ञांनाही कित्येक दशकं तसंच वाटत होतं. पण हाच पदार्थ, त्या बाटलीतल्यापेक्षा सुमारे नऊ कोटी पट विरळ, आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात सतत असतो. त्यातला बराचसा तिथल्या पेशी चुकून नव्हे, मुद्दाम तयार करतात. तो कशासाठी लागतो, याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला. त्याची सुरुवात पेरॉक्साइडपासून झाली नाही, सशाच्या एका रक्तवाहिनीपासून झाली.

आधी त्या अस्तराविषयी. हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीपासून बारीकातल्या बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत चपट्या पेशींचा एकेरी थर असतो. त्याचं शास्त्रीय नाव एंडोथेलियम. इथे मी त्याला नुसतं अस्तर म्हणणार आहे. अनेक ठिकाणी त्याची जाडी मायक्रॉनभरही नसते, पण शरीरभरातलं सगळं अस्तर एकत्र केलं तर वजन किलोच्या घरात जातं. वाहिनीतल्या रक्ताचा थेट संबंध येतो तो याच पेशींशी. वाहिनी आकसवण्याचं आणि सैल सोडण्याचं काम करणारा स्नायू या थराच्या बाहेर असतो. त्यामुळे 1970 च्या दशकापर्यंत बहुतेक पाठ्यपुस्तकांत अस्तराला फारशी किंमत नव्हती. रक्त बाहेर झिरपू नये म्हणून असलेला एक गुळगुळीत पापुद्रा, एवढीच त्याची ओळख.

रॉबर्ट फर्चगॉट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयात सशाच्या महारोहिणीवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. पद्धत ठरलेली होती. वाहिनी नागमोडी कापून तिची लांब पट्टी करायची, सदतीस अंश तापमानाच्या क्षारद्रावणात ती टांगायची, द्रावणात ऑक्सिजन बुडबुडत ठेवायचा, आणि औषधाचा थेंब पडल्यावर पट्टी किती आकसली किंवा सैलावली ते नोंदवायचं. या पट्ट्या अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर आकसत. जिवंत प्राण्याच्या शिरेत मात्र तेच अ‍ॅसिटिलकोलीन टोचलं की वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब पडतो. ही विसंगती सगळ्यांना ठाऊक होती. तिचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

1978 मध्ये फर्चगॉट यांनी पट्ट्यांऐवजी वाहिनीचे गोल छल्ले वापरायला घेतले. एका प्रयोगात त्यांच्या तंत्रज्ञाकडून औषधं घालण्याचा क्रम चुकला. आधीच आकसलेल्या छल्ल्यावर अ‍ॅसिटिलकोलीनच्याच कुळातलं औषध पडलं, आणि छल्ला सैलावला. फर्चगॉट यांनी तो निकाल बाजूला टाकला नाही. पट्टीत आणि छल्ल्यात फरक काय, ते शोधत राहिले. शेवटी फरक सापडला तो हाताळणीत. पट्टी कापताना वाहिनीची आतली बाजू कशावर तरी घासली जायची आणि अस्तर खरवडलं जायचं. छल्ल्यात ते शाबूत राहायचं. छल्ल्याचंही अस्तर मुद्दाम घासून काढलं की तोही सैलावायचा थांबला. मग त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. अस्तर काढलेली एक पट्टी घेतली आणि अस्तर असलेली दुसरी पट्टी तिच्याशी समोरासमोर, आतली बाजू आतल्या बाजूला लागेल अशी जोडली. आता अ‍ॅसिटिलकोलीन घातल्यावर अस्तर नसलेली पट्टीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होतं आणि पलीकडच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. जॉन झवाड्झ्की यांच्यासह लिहिलेला हा शोधनिबंध 1980 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तो पदार्थ कोणता हे माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘अस्तरातून येणारा सैलावणारा घटक’ अशा अर्थाचं लांबलचक नाव मिळालं.

हा घटक हाती लागत नव्हता, कारण काही सेकंदांतच तो नाहीसा व्हायचा. इथे आपल्या विषयाचं दार उघडतं. इंग्लंडमध्ये बेकनहॅमच्या वेलकम प्रयोगशाळेत ग्रिग्लेव्स्की, पामर आणि मोंकाडा यांनी अस्तराच्या पेशी बारीक मण्यांवर वाढवल्या. त्या मण्यांवरून द्रावण वाहू दिलं आणि ते एकाखाली एक टांगलेल्या, अस्तर काढलेल्या पट्ट्यांवर ठिबकू दिलं. वरची पट्टी चांगली सैलावायची, खालची कमी, त्याखालची आणखी कमी. वाटेत घटक विरत चालल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. मग त्यांनी द्रावणात सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम घातलं. घटक जास्त वेळ टिकू लागला. कॅटलेज घातल्याने मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे हा नाजूक निरोप वाटेत गाठून संपवणारा पेरॉक्साइड नव्हता, सुपरऑक्साइड होता. हे 1986 सालचं काम. पुढच्याच वर्षी मोंकाडा यांच्या गटाने तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचं दाखवून दिलं. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं ते याच शोधमालिकेसाठी. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीचं कामही यातूनच उलगडलं: ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवते.

म्हणजे नायट्रिक ऑक्साइडची ओळख पटायच्या आधीच त्याच्या मारेकऱ्याची ओळख पटली होती.

हा मारेकरी कोण? ऑक्सिजनच्या रेणूने एक जादा इलेक्ट्रॉन पकडला की सुपरऑक्साइड बनतो. त्यावर विद्युतभार असल्याने पेशीच्या आवरणातून तो सहज पलीकडे जात नाही; जिथे जन्मतो तिथेच आसपास संपतो. त्याच्यासमोर मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट सुपरऑक्साइड डिसम्युटेजची. हे तांबं असलेलं प्रथिन 1938 पासून रक्तातून वेगळं काढलेलं होतं, पण ते करतं काय हे तीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. 1969 मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी ते उलगडलं. या वाटेने गेलेल्या सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. दुसरी वाट नायट्रिक ऑक्साइडची. दोघांची गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि एका फटक्यात रक्तवाहिनी सैल सोडण्याचा निरोप नष्ट होतो.

डिसम्युटेजची क्रिया एन्झाइमांच्या जगात अत्यंत वेगवान समजली जाते. नायट्रिक ऑक्साइडशी होणारी क्रिया तिच्याही साधारण तिप्पट वेगवान आहे. दोन रेणू द्रावणात एकमेकांपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागेल, जवळपास तेवढाच. निरोगी अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वाचतं, कारण डिसम्युटेजचा साठा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. सुपरऑक्साइड वाढलं किंवा डिसम्युटेज कमी पडलं की पारडं फिरतं. पुढचा भाग मला या सगळ्या रसायनशास्त्रात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा लहानसा साहाय्यक रेणू लागतो. पेरॉक्सिनायट्राइट नेमका तोच बिघडवतं. साहाय्यक कमी पडला की ते एन्झाइम थांबत नाही. इलेक्ट्रॉन घेत राहतं, पण आता त्यातून नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बाहेर पडतं. ज्याने वाहिनी सैल ठेवायची तेच एन्झाइम तिच्या विरोधात काम करू लागतं, नवं सुपरऑक्साइड उरलेलं नायट्रिक ऑक्साइड खातं, आणखी पेरॉक्सिनायट्राइट बनतं, आणि चक्र स्वतःच्याच जोरावर फिरत राहतं. मधुमेह, धूम्रपान, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब हे सगळे वेगवेगळ्या दारांनी येऊन या एकाच चक्रात शिरतात.

आता प्रश्न असा, की सुपरऑक्साइड मुळात येतं कुठून? श्वसन करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून काही इलेक्ट्रॉन निसटतात, हे खरं. पण केवळ गळतीतून निरोपाचं काम होत नाही. त्यासाठी हुकूम आला की सुरू होणारं, हुकूम थांबला की बंद होणारं काहीतरी लागतं. तसं एन्झाइम पांढऱ्या पेशींत आधीपासून माहीत होतं. जंतू गिळल्यावर या पेशी एका एन्झाइमच्या मदतीने सुपरऑक्साइडचा मारा करतात, आणि ज्या मुलांमध्ये ते एन्झाइम जन्मतःच निकामी असतं त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. 1994 मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कॅथी ग्रीन्डलिंग आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींतही असंच एन्झाइम काम करत असल्याचं दाखवलं. त्याला चालना देत होतं अँजिओटेन्सिन, म्हणजे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक. पुढे अस्तराच्या पेशींतही या घराण्याचे सदस्य सापडले. आज त्यांना नॉक्स म्हणतात.

त्याच विद्यापीठातला 1996 सालचा उंदरांवरचा एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. काही उंदरांचा रक्तदाब अँजिओटेन्सिन देऊन वाढवला, काहींचा नॉरअ‍ॅड्रेनॅलिन देऊन. दाब दोन्हीकडे वाढला, पण महारोहिणीतलं सुपरऑक्साइड वाढलं ते फक्त अँजिओटेन्सिनवाल्या उंदरांत. म्हणजे वाहिनीचं नुकसान केवळ दाबाने होत नाही. दाब कुठल्या मार्गाने वाढला यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे घरोघरी घेतल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनला त्याच्या ग्राहीवर बसू देत नाहीत. त्या सुपरऑक्साइड पुसून टाकत नाहीत, ते तयार करण्याचा हुकूमच पेशीपर्यंत पोचू देत नाहीत. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

इथवर सुपरऑक्साइड खलनायकच वाटतं. आता पहिल्या वाटेवर परत जाऊ, जिथे त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. या रेणूवर विद्युतभार नाही, तो सुपरऑक्साइडपेक्षा जास्त टिकतो, आणि पेशीच्या आवरणातून, बऱ्याचदा पाण्यासाठी असलेल्या वाटांनीच, पलीकडे जातो. निरोप्याला लागणारे गुण त्याच्यात आहेत. तो निरोप कुठे पोचवतो? प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं आणि त्याच्या टोकाला गंधकाचा अणू असतो. बहुतेक सिस्टीनना पेरॉक्साइडचं फारसं काही वाटत नाही. काही मोजक्यांच्या आजूबाजूची रचना मात्र अशी असते, की तिथला गंधक पेरॉक्साइडशी चटकन प्रक्रिया करतो. प्रक्रिया झाली की प्रथिनाचं काम बदलतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हा बदल परतवता येतो: पेशीकडे गंधकाला पूर्ववत करणारी वेगळी यंत्रणा आहे. सुरू करता येतं आणि बंदही करता येतं. निरोपाला आणखी काय हवं?

एक उदाहरण पाहू. नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ हे वाढीचं प्रथिन अस्तरावरच्या ग्राहीला येऊन चिकटतं. ग्राहीवर फॉस्फेट चढतात आणि संदेश आत जातो. पण पेशीत फॉस्फेट उतरवणारी एन्झाइमंही सतत कामात असतात. ती तशीच चालू राहिली तर संदेश उमटण्याआधीच पुसला जाईल. म्हणून तोच ग्राही शेजारच्या नॉक्सला जागं करतो, तिथे क्षणभर पेरॉक्साइड तयार होतं, आणि ते फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यातल्या गंधकाला गाठून त्याला तात्पुरतं गप्प बसवतं. तेवढ्या अवधीत संदेश पुढे सरकतो. रक्तवाहिनीच्या स्नायुपेशींत अशा प्रकारचा भक्कम पुरावा 1995 मध्ये टोरेन फिंकेल यांच्या गटाने दिला होता: पेशींत जादा कॅटलेज भरलं, पेरॉक्साइड नाहीसं झालं, आणि वाढीचा संदेश वाटेतच थांबला. बंदोबस्ताचा शिपाई वाटलेलं कॅटलेज इथे निरोप अडवणारं ठरलं.

पण एक अडचण उरतेच. पेशीत पेरॉक्साइड फस्त करणारी पेरॉक्सिरेडॉक्सिन ही प्रथिनं विपुल असतात. त्यांच्यातून निरोप निभावतो कसा? 2003 मध्ये वुड, पूल आणि कार्प्लस यांनी यासाठी धरणाच्या दरवाजांची उपमा वापरली, आणि ती मला चपखल वाटते. पेरॉक्साइड थोडं असेपर्यंत पेरॉक्सिरेडॉक्सिन त्याला अडवून धरतं. एखाद्या जागी ते एकदम वाढलं, की पेरॉक्सिरेडॉक्सिनचा स्वतःचाच गंधक जादा ऑक्सिजन घेऊन निकामी होतो, दरवाजा उघडतो, आणि तेवढ्या जागेपुरता पेरॉक्साइडचा लोंढा जवळच्या प्रथिनांपर्यंत पोचतो. पुढे पेशी दरवाजा दुरुस्त करून घेते. त्यामुळे अख्ख्या पेशीतलं सरासरी प्रमाण मोजून फार काही कळत नाही. नॉक्स आवरणाच्या कुठल्या घडीत बसलंय, त्याच्या शेजारी कोणतं प्रथिन आहे, पेरॉक्साइड किती सेकंद टिकलं, यावर निरोपाचा अर्थ ठरतो.

वाहिनी सैलावण्याच्या कामातही पेरॉक्साइडला जागा आहे. जपानमध्ये फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठात हिरोआकी शिमोकावा यांच्या गटाने 2000 मध्ये उंदरांच्या आतड्याकडे जाणाऱ्या बारीक रोहिण्या तपासल्या. नायट्रिक ऑक्साइड बाजूला काढल्यावरही त्या अस्तराच्या सांगण्यावरून सैलावत होत्या, आणि कॅटलेज घातल्यावर ते सैलावणं मोठ्या प्रमाणात थांबत होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये फिलिप इटन यांच्या गटाने यामागची कळ शोधली. नायट्रिक ऑक्साइडच्या मार्गात स्नायू सैल करणारं जे एन्झाइम आहे, त्याच्या दोन भागांतल्या बेचाळिसाव्या सिस्टीनना पेरॉक्साइड एकमेकांशी जोडतं आणि ते एन्झाइम थेट सुरू होतं. नंतर त्यांनी असे उंदीर वाढवले की ज्यांच्यात फक्त तो एक सिस्टीन बदललेला होता. त्यांचा रक्तदाब चढा राहिला. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतला एक गंधकाचा अणू काढला आणि अख्ख्या प्राण्याचा रक्तदाब बदलला.

अस्तराला हे हुकूम केवळ संप्रेरकांकडून येत नाहीत, वाहत्या रक्ताकडूनही येतात. सरळ रोहिणीत रक्त एका दिशेने, सलग वाहतं आणि अस्तराला ठरावीक घर्षण देतं. अशा ठिकाणी पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवत राहतात आणि डिसम्युटेजही वाढवतात. मानेतली रोहिणी जिथे दुभंगते, किंवा हृदयाच्या रोहिणीला जिथे फाटा फुटतो, तिथे प्रवाह भोवऱ्यात सापडतो, मागेपुढे होतो. तिथलं नॉक्स क्षणापुरतं नाही, सतत चालू राहतं. अस्तर चिकट प्रथिनं बाहेर काढतं आणि पांढऱ्या पेशी त्यांना धरून आत शिरतात. चरबीचे थर सगळ्या रोहिणीत सारखे न साठता नेमके वळणांवर आणि फाट्यांवर का साठतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. तेच रेणू, पण इथे त्यांना विश्रांतीच मिळत नाही.

हे सगळं समजायच्या आधी वैद्यकाने एक सोपी वाट धरली होती. ऑक्सिजनचे हे रेणू वाईट, तर ते पुसणारी जीवनसत्त्वं भरपूर द्यावीत. चाचण्या मोठ्या आणि काळजीपूर्वक झाल्या. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत, 1994 च्या अहवालानुसार, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त आढळला. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. ई जीवनसत्त्वाचा हृदयाला काहीच फायदा झाला नाही. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये 20,536 जणांवर ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन पाहिलं. निष्कर्ष तोच.

याचं एक कारण निव्वळ वेगाचं आहे. सी जीवनसत्त्वाची सुपरऑक्साइडशी होणारी क्रिया नायट्रिक ऑक्साइडच्या क्रियेपेक्षा हजारो पटींनी मंद आहे. ते पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. दुसरं कारण जास्त खोलवरचं. 2009 मध्ये मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारला, पण फक्त गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये. व्यायामात तयार होणारे हे रेणूच शरीराला ‘तयारी वाढव’ असं सांगत होते, आणि गोळ्यांनी तो निरोप पुसला. म्हणून डब्यावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं ठळक छापून विकणाऱ्यांवर माझा राग आहे. आवळा, भाजी, फळं खावीतच, त्यांची कारणं वेगळी आणि पुष्कळ आहेत. पण सरसकट पुसण्याच्या आशेवर मोठ्या मात्रेच्या गोळ्या गिळायला या चाचण्यांत कसलाही आधार नाही.

सरसकट पुसणं का चुकतं हे नॉक्स घराण्यातच दिसतं. अस्तरातलं नॉक्स 2 सुपरऑक्साइड बनवतं, जे नायट्रिक ऑक्साइडला खातं. नॉक्स 4 मात्र मुख्यतः थेट पेरॉक्साइड बाहेर सोडतं, जे नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेला जात नाही. ज्या उंदरांमध्ये नॉक्स 4 काढून टाकलं, त्यांच्या वाहिन्या सुधारल्या नाहीत. अँजिओटेन्सिन दिल्यावर त्यांच्या अस्तराचं काम जास्तच बिघडलं. एकाच घराण्यातली ही दोन एन्झाइमं वेगळी ओळखता येतील अशी औषधं बनवणं हे आजचं अवघड काम आहे.

अमेरिकेत मिलवॉकी इथे डेव्हिड गटरमन यांच्या गटाने माणसांच्याच वाहिन्यांवर हे तपासलं. हृदयावर खुली शस्त्रक्रिया करताना उजव्या कर्णिकेचा एक छोटा तुकडा बऱ्याचदा काढून टाकला जातो. त्या तुकड्यातल्या बारीक रोहिण्या त्यांनी सोडवून घेतल्या, काचेच्या सूक्ष्म नळ्यांवर चढवल्या आणि त्यांच्यातून द्रावण वाहू दिलं. हृदयाच्या रोहिण्यांचा विकार नसलेल्यांच्या वाहिन्या प्रवाह वाढल्यावर नायट्रिक ऑक्साइडच्या जोरावर रुंदावल्या. विकार असलेल्यांच्या वाहिन्याही रुंदावल्या, पण त्यांच्यात नायट्रिक ऑक्साइडचा मार्ग अडवला तरी फारसा फरक पडला नाही. कॅटलेज घातल्यावर मात्र त्यांचं रुंदावणं खुंटलं. आजारी अस्तराने एक निरोप्या गमावल्यावर दुसऱ्यावर भिस्त ठेवली होती. हा दुसरा निरोप्या रक्तप्रवाह चालू ठेवतो, पण त्याचबरोबर दाह वाढवणारे हुकूमही देतो. अशा रुग्णाच्या हृदयातलं पेरॉक्साइड आज कुणी सगळंच्या सगळं काढून घेतलं, तर त्या बारीक रोहिण्यांना रुंदावायला सांगणारं फारसं कुणी उरणार नाही.